समुद्र उद्या किती वाजता येईल?

महाबळेश्वर, मनाली, गोवा. आणि धाकट्याला तर थेट बर्फच पाहिजे. मे महिन्याच्या दुपारी, लाइट गेलेली असताना, बोईसरच्या घरात बसून माणसाला दुसरं काय आठवणार! बघा, खुशाल स्वप्नं बघा. उन्हाळ्यात पाण्याची स्वप्नं पडायलाच हवीत. पण लाइट येईपर्यंत मी तुम्हाला आपल्या इथल्या पाण्याच्या गोष्टी सांगतो. इथून दहा-बारा किलोमीटरवर, चिंचणीला, समुद्र रोज दोनदा किनारा सोडून जातो आणि दोनदा परत येतो, आणि त्याची वेळ आपल्याला घरबसल्या काढता येते. दुसऱ्या दिशेला, महामार्गाच्या अंगाला, जमिनीतून कढत पाणी वर येतं आणि खाली कुणी चूल पेटवलेली नसते. नाही, ही परीकथा नाही. जवळ सरका.

आधी वारा. बोईसर स्टेशनबाहेर दुपारी दोनला उभं राहिलं तर अंगाची लाही होते, आणि त्याच वेळी केळव्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात बसलं तर शर्ट फडफडत असतो. ऊन दोन्हीकडे सारखंच. मग हा वारा कुठून आला?

एक किलो कोरडी वाळू घ्या आणि एक किलो पाणी घ्या. दोघांना सारखीच उष्णता द्या. वाळू जितके अंश तापेल, त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच पाणी तापेल. पाण्याला तापायला फार उष्णता लागते, हा त्याचा स्वभाव. जगातल्या फार थोड्या पदार्थांचा असा आहे. शिवाय वाळूत ऊन वरच्या बोटभर थरातच अडकतं, पाण्यात ते काही मीटर खोल उतरतं आणि लाटा सगळं ढवळत राहतात. म्हणून आत्ता, भर दुपारी, किनाऱ्यावरची कोरडी वाळू पन्नास अंशांच्या पुढे जाऊन तळवे भाजत असेल, आणि समुद्र मात्र सकाळी जसा तिसाच्या आसपास होता तसाच असेल. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार, जड हवा आत सरकते. हेच खारे वारे. रात्री जमीन पटकन निवते, समुद्र ऊब धरून राहतो, आणि वारा उलटा फिरून जमिनीकडून समुद्राकडे जातो. ते मतलई वारे.

दोन्ही नावं तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात आहेत, मला माहीत आहे. पण सातपाटीच्या, मुरब्याच्या, दांडीच्या माणसांनी ती पुस्तकातून घेतलेली नाहीत. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलईवर शीड सोडून बाहेर जायचं आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर मासळी घेऊन घरी यायचं, असा नेम होता. जमीन लवकर तापते आणि पाणी उशिरा, एवढ्या एका गोष्टीवर गावंच्या गावं पोट भरत होती. मला हे आठवलं की आजही नवल वाटतं. आणि बोईसरपर्यंत तो वारा का पोचत नाही? पोचतो, पण आत येता येता जमिनीवर तापतो, घरांना आणि कारखान्यांना अडतो, आणि आपल्या खिडकीशी येईपर्यंत त्यातला गारवा बराच संपलेला असतो.

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणा. तिथी असलेलं. भरतीची वेळ काढायची आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. आपले जुने लोक म्हणायचे, तिथीची पाऊणपट करायची. आलं ते उत्तर म्हणजे पूर्ण भरतीचं घड्याळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा म्हणजे पंधरा; सव्वाअकरा. अमावास्येलाही पंधराच धरायचे, कारण वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. एकादशीला किती? शाबास, सव्वाआठ. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. मुंबईला भरती आली की आपल्याकडे ती जरा उशिराने येते, तेही धरायला हवं. पण सहलीला निघताना एवढा हिशोब पुरतो. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. घड्याळ, मोबाइल काही नसताना, केवळ चंद्राची कोर बघून माणसाला सांगता येत होतं की आत्ता पाणी कुठे असेल.

ही पाऊण तासाची गंमत आहे कशी? पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत फिरते, पण तेवढ्या वेळात चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. चिंचणीला पुन्हा चंद्रासमोर यायचं तर पृथ्वीला आणखी पन्नासएक मिनिटं फिरावं लागतं. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा. जुन्या माणसांनी पन्नासाच्या जागी पंचेचाळीस धरले, कारण पाऊणपट तोंडी करता येते.

“पण आजोबा, चंद्र एकच, मग भरत्या दोन कशा?” हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता. नीट ऐका. ओढ अंतरावर अवलंबून असते. चंद्राच्या बाजूचं पाणी त्याला सगळ्यात जवळ, म्हणून त्याला सगळ्यात जास्त ओढ. पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी. आणि पलीकडच्या बाजूच्या पाण्याला सगळ्यात कमी. म्हणजे जवळचं पाणी पृथ्वीच्या थोडं पुढे जातं, आणि पलीकडचं पाणी पृथ्वीच्या थोडं मागे राहतं. फुगवटा दोन्हीकडे येतो. आपण दिवसभरात दोन्ही फुगवट्यांखालून जातो, सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने.

सूर्यही ओढतो. तो चंद्रापेक्षा प्रचंड मोठा, पण जवळजवळ चारशे पट लांब, म्हणून भरतीच्या बाबतीत त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला तिघे एका ओळीत येतात, दोघांचा जोर एकत्र होतो आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात, एकमेकांचं काम कमी करतात, आणि भांगाची भरती येते: पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उधाणाचं सगळ्यात मोठं पाणी मात्र पौर्णिमेच्या दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी, बीजेच्या सुमाराला येतं. एवढा महासागर हलवायला वेळ लागतो. आपल्या किनाऱ्यावरची डोल जाळी याच हिशोबावर चालतात. डोल समुद्रात रोवून पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून लावतात. बोंबील, जवळा, करंदी ओढीबरोबर आत येतात. उधाणाला ओढ जोराची, मासळी भरपूर. भांगाला ओढच नसते, तेव्हा जाळी दुरुस्त करायची.

आपल्या इथलं पाणी इतकं का चढतं, हेही सांगितलं पाहिजे, कारण ते सगळीकडे असं नसतं. गोव्याला उधाणालाही पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं. मुंबईला ते पाच मीटरच्या जवळ जातं, आपल्याकडे पाचाच्या घरात, आणि तिकडे भावनगरला दहा मीटरच्याही वर. एकच समुद्र, एकच चंद्र. फरक पडतो तो किनाऱ्याच्या आकाराने. आपल्या वर खंबातचं आखात आहे, नरसाळ्यासारखं: दक्षिणेला तोंड रुंद, उत्तरेला अरुंद, आणि तळ उथळ होत जाणारा. तेवढंच पाणी अरुंद जागेत घुसलं की वर चढण्यावाचून त्याला वाटच राहत नाही. आपण त्या आखाताच्या दाराशी राहतो, म्हणून आपल्या वाट्याला हा मोठा समुद्र आला.

या भरतीने एका मोठ्या सैन्याला घाबरवलं होतं. इ. स. पूर्व ३२५ मध्ये अलेक्झांडर सिंधू नदीच्या मुखाशी पोचला. त्याचे लोक भूमध्य समुद्राकाठचे. तिथे भरती जेमतेम जाणवते. रात्रीतून समुद्र नाहीसा होतो आणि पुन्हा धावून येतो, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ओहोटी लागली आणि त्यांची गलबतं चिखलात उघडी पडली. सैनिक थक्क झाले. मग भरती आली. जी गलबतं चिखलात नीट बसली होती ती अलगद तरंगली, जी आडवी-तिडवी होती ती एकमेकांवर आपटून फुटली. पुढे साडेतीनशे-चारशे वर्षांनी एका ग्रीक खलाशाने आपल्या पश्चिम किनाऱ्याची बंदरं लिहून ठेवली. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण त्याचं पुस्तक आहे. त्यात भडोचच्या भरतीचं वर्णन आहे, अमावास्येला तिचा जोर किती वाढतो आणि गलबतं कशी उलटतात तेही आहे. आणि त्याच्या बंदरांच्या यादीत सोपारा आहे. आपलं नालासोपारा! विरारच्या गाडीतून तुम्ही ज्या स्टेशनवरून जाता, ते दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी खलाशांना ठाऊक असलेलं बंदर होतं.

नंतर इंग्रजांच्या काळात मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याची उंची मोजायला यंत्र बसलं. तिथल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, आणि आशियातल्या सगळ्यात जुन्या नोंदींमध्ये त्यांची गणना होते. १८७९ मध्ये लंडनला खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी पितळी चाकांचं एक यंत्र तयार झालं. चंद्र-सूर्याच्या वेगवेगळ्या ओढींसाठी वेगवेगळी चाकं. यंत्र फिरवलं की पुढच्या वर्षाच्या भरत्या कागदावर उमटत. आमच्या पाऊणपटीपेक्षा ते कितीतरी अचूक होतं, हे मान्य करायला हवं. तरी होडीत बसलेल्या माणसाजवळ चंद्र होता आणि ते यंत्र नव्हतं.

चिंचणीला जायचं ते ओहोटीला जायचं. लोक भरती बघायला जातात, लाटा बघतात, भेळ खातात आणि परत येतात. मी म्हणतो, पाणी मागे गेल्यावर जा. समुद्राचा तळ उघडा पडलेला असतो आणि त्यावर आपल्याला चालता येतं, याहून मोठी सहल कुठली! तिथे ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्या दिसतील, शेकडो, एका भोकाभोवती किरणांसारख्या ओळींत मांडलेल्या. तिथे पाय न टाकता उकिडवे बसा आणि दोन मिनिटं हलू नका. नखाएवढा खेकडा बाहेर येईल. पाणी ओसरताना वाळूच्या कणांवर सूक्ष्म वनस्पतींचा आणि कुजक्या अन्नाचा थर ठेवून जातं. हा खेकडा वाळू खरवडून तोंडात घेतो, खाण्याजोगं तेवढं वेचतो आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून मागे टाकतो. गोळी टाकली म्हणजे ती जागा खाऊन झाली, हे त्याला कळतं. तिथली वाळू तो पुन्हा घेत नाही. पाणी यायच्या आधी तो बिळात जाऊन तोंड वाळूने लिंपतो, आत थोडी हवा कोंडून ठेवतो. भरती येते, सगळ्या गोळ्या विरघळतात, आणि पुढच्या ओहोटीला सगळं नव्याने सुरू.

त्याला वेळ कशी कळते? खाडीच्या चिखलात डाव्या किंवा उजव्या बाजूची एकच नांगी मोठी असलेले खेकडे दिसतात ना, नर ती नांगी हलवत असतो, त्यांच्या भाईबंदांवर अमेरिकेत प्रयोग झाले आहेत. त्यांना किनाऱ्यावरून उचलून अंधाऱ्या खोलीत ठेवलं. ना चंद्र, ना लाट, ना ओली वाळू. तरी कित्येक दिवस ते ओहोटीच्या वेळेलाच चळवळ करत राहिले. भरती-ओहोटीचं घड्याळ त्यांच्या शरीरातच आहे. त्याच चिखलात निवटी असते, गालफडात पाणी भरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत जमिनीवर उड्या मारणारा मासा. तिला बघायला कोणत्याही मत्स्यालयाचं तिकीट लागत नाही.

एक गोष्ट मात्र माझी शपथ घालून सांगतो. किनारा सपाट दिसला तरी सपाट नसतो; मध्ये मध्ये लांबट खळगे असतात. भरती लागली की पाणी आधी त्या खळग्यांत शिरतं, म्हणजे तुम्ही समोरची लाट बघत उभे असता आणि तुमच्या पाठीमागे पाणी झालेलं असतं. म्हणून ओहोटीची वेळ संपायच्या आधी मागे फिरायचं. गावातला माणूस “परत या” म्हणाला की एक शब्द न बोलता परत यायचं. या सुंदर किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात कुणाचं तरी लेकरू जातं, आणि ते मला सहन होत नाही.

आणि हेही ऐका, कारण तुम्ही आता मोठे होत आहात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी नवापूर-दांडीच्या बाजूला खाडीत आणि समुद्रात येत राहिलं. जाळ्यात मासळी कमी झाली, पाण्याचा वास बदलला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. दाद मागणारे मच्छीमार होते, ज्यांना पाणी रोज हाताला लागतं. वर वाढवणला मोठं बंदर होतंय, ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथले खडक आणि डबकी हीच कितीतरी माशांची पाळणाघरं आहेत, असं तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आलेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. म्हणून म्हणतो, मनाली पळून जात नाही. तो किनारा आधी बघून घ्या, या सुट्टीतच.

आता तारापूर. अणुवीज केंद्र समुद्राला खेटून का बांधलं, सांगा बघू. मघाचं आठवा: पाणी फार उष्णता घेतं आणि थोडंच तापतं. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागलं. आत युरेनियमचे अणू फुटतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरतं. पण त्या उष्णतेपैकी वीज होते ती जेमतेम एक तृतीयांश. उरलेली कुठेतरी सोडावी लागते, आणि चक्रातून आलेली वाफ निववून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं. ते काम समुद्र करतो. केळव्याला तुम्हाला गार वारा देणारा जो गुण, तोच इथे अणुभट्टीच्या कामी येतो. पुढे केंद्र वाढलं तेव्हा पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. आपल्या घरात दिवा लागतो तेव्हा त्या गावांची आठवण ठेवायची.

राहिलं ते जमिनीतलं कढत पाणी. आपल्या पालघर तालुक्यात कोकनेर, सातिवली, हालोली या भागात गरम पाण्याचे झरे आहेत. थोडं दक्षिणेला तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्याआधी त्यांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता आणि जिंकल्यावर देवीचं देऊळ बांधलं गेलं, असं सांगतात. या कुंडांचं पाणी साधारण चाळीस ते साठ अंशांचं. खाली ज्वालामुखी नाही हं! ज्वालामुखी होता तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्याच्या लाव्ह्याने आपला हा काळा दगड झाला. तो केव्हाच निवला.

मग पाणी तापतं कशाने? खोलीने. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातलं थोडं पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून खाली, आणखी खाली उतरत जातं, एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही खोल. तिथे तापतं, वाटेतले क्षार विरघळवून घेतं, आणि एखादी उभी भेग सापडली की वर येतं. खालून वर पटकन आलं म्हणून गरम राहिलं. सावकाश आलं असतं तर वाटेतच निवलं असतं. म्हणून असे झरे जिथे कातळात खोल भेगा आहेत तिथेच सापडतात, रांगेने, पार खाली रत्नागिरीच्या उन्हवऱ्यापर्यंत.

आणि खालचा खडक गरम का? पृथ्वी जन्मली तेव्हाची काही उष्णता अजून शिल्लक आहे. बाकीची, जवळजवळ अर्धी, रोज नव्याने तयार होते, कारण पृथ्वीच्या पोटातल्या खडकांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे काही अणू अतिशय संथपणे, आपोआप झिजत असतात आणि झिजताना उष्णता सोडतात. कळलं का मी काय सांगतोय? तारापूरला माणसाने युरेनियमचा अणू फोडून पाणी उकळवलं, घाईने आणि कडक पहाऱ्यात. आणि त्याच तालुक्यातल्या कोकनेरला जे पाणी गरम होऊन वर येतं, त्याच्या उष्णतेतही युरेनियमचा वाटा आहे. फक्त तिथे तो कुणी न फोडता, कोट्यवधी वर्षं, स्वतःच झिजतोय.

कोकनेरला मात्र या सुट्टीत जायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत जाऊ, पहाटे. तेव्हा हवा गार असते, म्हणून कुंडावरच्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि ती डोळ्यांना दिसते. आत्ताच्या उकाड्यात तीच वाफ हवेत न दिसता मिसळून जाते, आणि पाणी किती कढत आहे ते बोट घालेपर्यंत कळत नाही. म्हणून तिथे कधीही गेलात तरी आधी मोठ्या माणसाला हात घालून बघू द्यायचा, मगच पायरी उतरायची.